वासराची बातमी

आमच्या ह्यांना कल्याणात सगळे लायब्ररीवाले मास्तर म्हणत. मास्तर कसले! पुस्तकांवरची धूळ झटकायची, वर्गणीदारांच्या घरी पुस्तकं पोचवायची आणि संध्याकाळी लायब्ररीच्या ओट्यावर बसून मुंबईहून आलेलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढं त्यांचं काम. वर्तमानपत्र एकच, आणि ऐकायला येणाऱ्यांत पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ही रीत पडली होती. पण त्या कामावर त्यांचा असा जीव, की मला वाटे, आपण एखादं फाटक्या पुठ्ठ्याचं पुस्तक असतो तर बरं झालं असतं. निदान ह्यांनी हातात घेऊन डागडुजी तरी केली असती.

घरी आले की तेच वर्तमानपत्र पुन्हा जयासमोर उघडायचं. जया आमची एकुलती एक, आठ वर्षांची. हे एक ओळ वाचत आणि ती लगेच मागून म्हणे. चुकली की पुन्हा. चुलीपाशी बसून मी कुरकुरत असे, "उद्या सासरी काय भाकऱ्यांवर बातम्या थापणार आहे?" दोघं हसत आणि पुढची ओळ घेत. पुढे पुढे तिला अशी सवय लागली की ह्यांनी देवळात आरतीचा पहिला शब्द उच्चारला तरी पोर एकटीच मागून म्हणून मोकळी होई.

प्लेगच्या त्या उन्हाळ्यात जयाला ताप भरला आणि सकाळी तिच्या जांघेत गाठ लागली माझ्या हाताला. मी ओरडले नाही. ओरडणं भिंतीपलीकडे ऐकू जातं. तेव्हा गोरा साहेब, त्याचा कारकून आणि शिपाई घराघरांत शिरून आजारी माणसं हुडकत होते. सापडलेलं माणूस गाडीत घालून खाडीकडच्या इस्पितळात नेत. आमच्या आळीतून जे गेले त्यांतलं कुणी परत आलं नव्हतं. शेजारच्या शालूचं तर मढंसुद्धा तिच्या आईच्या दृष्टीला पडलं नाही. माझ्या पोरीला त्या गाडीत जाऊ देणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जगली तर माझ्या मांडीवर आणि मेली तर माझ्या मांडीवर.

"लायब्ररीत कुणी राहत नाही," हे म्हणाले, "तिथे झडती व्हायची नाही."

भर दुपारी, रस्ता सामसूम असताना, ह्यांनी जयाला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, त्यांच्यावर आम्ही तिला निजवलं. मी आत राहिले, ह्यांनी दार ओढून घेतलं. लायब्ररी बंद ठेवली असती तर गावभर चर्चा झाली असती, म्हणून रोजच्या वेळेला त्यांनी ती उघडली. आलेल्यांना मात्र आत पाऊल टाकू दिलं नाही. "आत फार उकडतंय, बाहेरच बसा," म्हणत सगळ्यांना ओट्यावर बसवलं. खोटं बोलताना त्यांचा आवाज कसा लागतो ते मला पहिल्यांदाच कळलं.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. जाताना सवयीने घराला कुलूप घातलं होतं. प्लेगात बंद घर म्हणजे काहीतरी दडवलेलं घर, हे सगळ्या गावाला कळत होतं आणि आम्हालाच सुचलं नाही.

वाचन नुकतंच सुरू झालं होतं. बुटांचा आवाज ओट्याशी येऊन थांबला आणि ह्यांचं वाचनही थांबलं. दाराच्या फटीतून मला साहेबाची टोपी तेवढी दिसत होती.

"मास्तर, तुमच्या घराला कुलूप का?" कारकुनाने विचारलं.

"बायको मुलीला घेऊन माहेरी गेलीये. खडवलीला."

"कधी?"

"आज... सकाळच्या गाडीनं."

तेवढ्यात जया कण्हली. मी पदराचा बोळा तिच्या तोंडावर धरला. तिचे ओठ तव्यासारखे तापले होते. बाहेर ह्यांनीही ते ऐकलं असणार, कारण ते घाईघाईने म्हणाले, "साहेबांची हरकत नसेल तर एवढी बातमी पुरी करतो. लोक खोळंबलेत." आणि कण्हणं झाकायला ते खड्या आवाजात वाचू लागले.

"शहापुराकडील एका खेड्यात वाघाने गोठ्यात प्रवेश केला!"

बाप वाचतोय म्हटल्यावर पोरीने डोळे उघडले होते. तोंड सोडवायला ती मान हलवू लागली. तिला श्वास घेता येईना, मी पदर काढला, आणि ती तापातच म्हणाली, "शहापुराकडील एका खेड्यात वाघाने..."

बाहेर बूट वाजले.

"आत कोण आहे?" कारकून म्हणाला.

आता संपलं. मी जयाला घट्ट कवटाळलं. इतक्यात पायरीवरून एक घोगरा आवाज आला, "शहापुराकडील एका खेड्यात वाघाने गोठ्यात प्रवेश केला." तो राघो होता, मिठागरावर काम करणारा ठाकुर्लीकडचा आगरी, रोज वाचन ऐकायला यायचा.

"हे काय?" कारकून म्हणाला.

"शिकताव आमी. मास्तर वाचतो, आमी मागून बोलताव."

"पण आवाज पोरीचा होता."

"माझाच होता. भ्यालो का मंग तो असाच बारीक होतो."

कुणीतरी हसलं. मग राघो म्हणाला, "मास्तर, थांबू नको. तू वाच."

ह्यांनी वाचलं, "गाईने शिंगे रोखून वाघास दाराशी अडविले." आणि ओट्यावरची सगळी माणसं एका सुरात म्हणाली, पंतोजींच्या शाळेतल्या पोरांसारखी. वकील होते त्यांत, वाणी होता, आंधळा सहदेव गुरव होता. सगळ्यांना कळलं होतं आत कोण आहे आणि तिला काय झालंय. पण एकही जण उठला नाही. त्या माणसांचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

साहेब काहीतरी बोलला. कारकुनाने सांगितलं, "साहेब खूश आहेत. म्हणतात, थोडं ऐकू."

मेला तिथेच पायरीवर उभा राहिला! ह्यांना वाचत राहणं भाग होतं. प्रत्येक ओळ बाहेरची मंडळी म्हणत आणि त्यांच्या आवाजाखाली, माझ्या मांडीवर, जया म्हणे. आधी पूर्ण ओळ. मग अर्धी. मग नुसता शेवटचा शब्द. मी तिच्या कानाशी लागून सांगत होते, "पुरे गं बाई, आता नको म्हणूस," पण माझं तिने कधी ऐकलंय? "गुराख्याने आरडाओरडा केला" या ओळीला तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुढच्या ओळीला ओठही हलले नाहीत. मी तिच्या नाकाशी बोटं धरली. मग छातीवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

बाहेर हे थांबले. त्या सगळ्या पुरुषी आवाजांतून ते आपल्या लेकीचा आवाज तेवढा वेचून ऐकत होते, हे मला तेव्हा समजलं. तो येईनासा झाला होता. ते अडखळले, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आता ते दार उघडणार, साहेब मागून येणार, आणि माझ्या बाळाला ती गाडी नेणार. गेलेल्या पोरीलासुद्धा.

"मास्तर, शेवटची ओळ राह्यली ना," राघो म्हणाला.

ह्यांचा आवाज आला, फुटका. "वासरू... सुखरूप आहे."

सगळे म्हणाले. आणि त्यांच्या आवाजाखाली मीही म्हणाले, आवाज बारीक करून, दाराकडे तोंड करून, जया म्हणायची तशी शेवटचा शब्द लांबवून. "वासरू सुखरूप आहे."

बाहेर हे हसले. मला ते हसू स्पष्ट ऐकू आलं.

बुटांचा आवाज दूर गेला. माणसं एकेक करून उठली, दाराकडे न बघता निघून गेली. मग दार उघडलं. ह्यांचे डोळे भरून वाहत होते, पण तोंडावर हसू होतं.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "शेवटची ओळ किती स्वच्छ म्हणाली ती!"

मी जयाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ती ओळ माझी होती," मी म्हटलं.