जिभेवरची विहीर

सहदेवदादा माझ्याहून बराच मोठा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात तो जन्मला आणि दहा वर्षांचा होईस्तोवर तिथल्याच विहिरीचं खारं पाणी प्यायला. पुढे बाबांना अकोल्यात नोकरी लागली आणि मी नळाच्या पाण्यावर जन्मले. एकाच आईची लेकरं आम्ही, पण माझे दात पांढरे आणि त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे. मी त्याला मेळघाटातल्या सेमाडोहचा वाघ म्हणून चिडवायची.

आता वाघाच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, एकाच कारणावर बोट नाही ठेवता येत. पण कोवळ्या वयात पाण्यातून शरीरात गेलेलं चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसू शकतं.

"म्हंजे भाडेकरूच झाला," दादा म्हणाला. "रायते आपल्याच घरात, पन बोलत नाही."

डायलिसिससाठी तो माझ्याकडे राहायला आला. त्याचं करायला त्याची सून पौर्णिमा आली, आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांची खुशी. पौर्णिमाचं माहेरही त्याच पट्ट्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यापासून ती तिकडेच होती. गावात आता नळ आलाय. पण नळाच्या पाण्याला तिथले लोक 'मेलेलं पाणी' म्हणतात आणि पितात विहिरीचंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो. प्रेम मात्र आटत नाही.

खुशीचं उष्टावण झालं आणि पंचाईत सुरू झाली. फिल्टरचं पाणी चमच्याने तोंडाशी नेलं की ती ओठ घट्ट मिटायची, मान फिरवायची, रडून निळी व्हायची. अकोल्याचा मे महिना. पोरगी सुकायला लागली. शेवटी पौर्णिमाच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, एसटीतून विहिरीच्या पाण्याची कॅन पाठवली.

दुपारी स्वयंपाकघरात पौर्णिमाने कॅनचं झाकण फिरवलं. ओल्या चुन्यासारखा वास आला. आतल्या खोलीत पाळण्यात रडणारी खुशी एकदम थांबली.

आणि बाहेरच्या पलंगावरून दादाचा आवाज आला, "कोन्या विहिरीचं व हे?"

त्याने कॅन पाहिली नव्हती. कोणी सांगितलंही नव्हतं.

पौर्णिमा खुशीला घेऊन आली. दादा भिंत धरत दारात उभा राहिला. त्याची जीभ टाळूला लागून टक् टक् वाजत होती. खुशीचीही, त्याच तालात.

पौर्णिमाने चमचा भरला. खुशीने आ केला.

"थांब," दादा म्हणाला.

"मामाजी, पोट्टी काईच पेत नाही. आमी बी हेच प्यालो, आमाले काय झालं?"

"हासून दाखव बरं."

पौर्णिमाचा हात आपोआप ओठांवर गेला. ती नेहमी तोंड झाकून हसते. मी बापडी त्याला लाजणं समजत होते.

"पण दादा," मी म्हटलं, "खुशीनं हे पाणी कधी चाखलंही नाही. आईचंच दूध पीत होती ती."

"अन् आई काय पेत होती? पोटात होती तवापासून तेच चाखून राहिली थे." तो खाली बसला. "आन इकडे तिले. अन् माह्या गिलासात फिल्टरचं दे."

"मामाजी, तुमाले पानी मोजून सांगतलं हाये. आता पेलं तर रात्रीचं?"

"रात्री पाहू."

खुशीला मांडीवर घेऊन त्याने एक घोट घेतला, आवाज करून, बासुंदी प्यावी तसा. "वा!" त्याच्यासाठी ते मेलेलंच पाणी, हे मला माहीत होतं. मग एक चमचा तिला. ती थुंकली. पुन्हा घोट, पुन्हा "वा!" ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. आणखी एकदा थुंकली. मग गिळलं. पेला संपेस्तोवर तोंड वेडंवाकडं करत दोघं पीत राहिली.

पौर्णिमाने कॅन उचलली आणि मोरीत उपडी केली. पाणी बराच वेळ वाहत होतं.

"जमलं व!" मी म्हटलं. दादा दमून हसला.

तेवढ्यात खुशी त्याच्या हातावर वाकली. डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात, शीर फुगलेली, रक्ताने सतत घुमणारी. उन्हाच्या झळांनी त्यावर घाम सुकून खारट, पांढुरका थर आला होता. तिने तोंड लावलं आणि चाटू लागली, डोळे मिटून, पोटभर मिळाल्यासारखी.

पौर्णिमाने तिला ओढून घेतलं, तेव्हाही तिची जीभ बाहेरच होती.