दोष आधी सांगायचा

ताटावर बसलेला माणूस उचललेला घास तसाच खाली ठेवतो, "आलोच" म्हणून उठतो आणि संगणकापुढे जाऊन बसतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? मी त्याला माझा धाकटा म्हणते. डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, पण सवय काही गेली नाही.

"अरे, अन्नाला पाठ दाखवू नये," मी म्हटलं.

"आई, दोन मेंबरांची जुंपलीय. एकाने फाटकं पान लपवलं."

"मग आणखी एक फाडा म्हणावं, फिटंफाट होईल."

"असं नसतं गं. ग्रुप आहे तो."

ग्रुप. हा शब्द आमच्या घरात सवतीसारखा नांदतो. सूनबाई तोंडाने काही बोलत नाही, पण ती भांडी कशी आपटते त्यावरून मला तिच्या मनातलं सगळं वाचता येतं.

दिवसभर धाकटा घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडतो. दारात उभं राहून "मीटर" अशी हाक मारायची, आतल्यांनी कुत्रं आवरायचं, याने आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. पाण्याच्या खात्यातला माणूस, पण त्याला कोणी घोटभर पाणी विचारत नाही. संध्याकाळी मात्र तो राजा. जुन्या चित्रकथांची अदलाबदल करणाऱ्यांचा ग्रुप त्याने काढलाय. कुठकुठली माणसं त्यात आहेत. एकाने आपल्याकडचा अंक टपालाने पाठवायचा, दुसऱ्याने त्याच्याकडचा. विकत घेणं नाही, फुकट देणं नाही, वस्तूला वस्तू. खरं नाव कोणी लावत नाही. आमचा धाकटा तिथे 'मीटर' म्हणून ओळखला जातो.

ग्रुपचा पहिला नियम असा, की दोष आधी सांगायचा. पान फाटलंय, ओल लागलीय, पोराने रेघोट्या मारल्यात, जे असेल ते अंक दाखवतानाच सांगून टाकायचं. हा नियम मला एकदम पटला. लग्नं जुळवताना हा नियम असता तर माझ्यासारख्या कितीतरी जणी बापाच्याच घरी सुखाने राहिल्या असत्या.

दुसरा नियम, दोघांनी एकाच दिवशी पोस्टात टाकायचं. समोरच्याचं घेऊन जो गप्प बसेल आणि मुदतीत आपलं पाठवणार नाही, त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढायचं. सुरुवातीला दोघातिघांनी धाकट्याला गंडवलं, त्यावरून त्याने हा नियम केला.

पार्सलं बांधायचं काम माझं. मी तिसरीतून शाळा सोडली. वाचायला शिकले ती पोरांच्या याच चित्रकथांवरून. शाळेचे गणवेश शिवून मी दोन पोरं वाढवली. गणवेशाचा निळा दोरा घरात कायम असायचा, आणि पोरं अंक वाचून वाचून त्यांची पानं सुटी करायची. मग मी मशीनवरून उठायची, दाभण घ्यायची आणि अंकाच्या कण्याला टाके घालायची. घालता घालता चित्र बघायची, चित्राखालचं अक्षर लावायची. अशी मी 'पाताळपंखी'वर साक्षर झाले. पाताळपंखी म्हणजे जमिनीखालून उडत येणारा एक बाप्या. जमिनीखाली कसा उडतो ते मला अजून कळलेलं नाही.

त्या अंकांची एक गंमत होती. प्रत्येक गोष्ट दोन अंकांत यायची. विषम आकड्याच्या अंकात संकट आणि सम आकड्याच्या अंकात सुटका.

आता थोरल्याचं सांगते. पोरांचे वडील गेले, त्यांच्या मागे सायकलचं दुकान राहिलं. थोरला म्हणाला, विकू. धाकटा म्हणाला, बाबांचं आहे, ठेवू. शब्दाला शब्द लागला. एकाने दुसऱ्याची लायकी काढली, दुसऱ्याने पहिल्याची नियत. दुकान विकलं गेलं आणि थोरला बायकोला घेऊन दुसऱ्या गावी निघाला. निघायच्या दिवशी अंकांची पेटी मध्ये आली. दोघंही मिश्या फुटलेले बाप्ये, पण पेटीपुढे मांडी घालून बसले आणि वाटणी करायला लागले.

"विषम माझे," थोरला म्हणाला.

"घे. सम माझे," धाकटा म्हणाला.

मी दारात उभी होते. म्हटलं, "मूर्खांनो, याने कोणाचं भलं होणार?" पण हट्टाला कान नसतात. झालं ते असं, की सगळ्या सुरुवाती थोरल्याबरोबर गेल्या आणि सगळे शेवट आमच्या माळ्यावर राहिले. त्यानंतर थोरल्याने या घरात पाऊल टाकलं नाही. थोरली सून अधूनमधून फोन करायची, "आई, तब्येत कशी आहे?" एवढंच. मागून थोरल्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. फोन मात्र हातात घ्यायचा नाही. मीही कधी "त्याला दे" म्हटलं नाही. आईने का म्हणावं? जो गेला त्याने बोलावं.

यंदा एका सकाळी धाकटा संगणकापुढून मोठ्याने ओरडला, "आई, इकडे ये!"

मला वाटलं, विजेचा झटका बसला. गेले तर पडद्यावर अंकांचे फोटो. 'बिनपंखी' नावाच्या एका नव्या मेंबराने लावलेले. पाताळपंखीचे सगळे विषम अंक. बदल्यात सम हवेत. खाली नियमाप्रमाणे दोष सांगितले होते. सूनबाई वाचून दाखवू लागली, पण मी तिला थांबवून स्वतःच अक्षर लावलं. 'पहिल्या पानावर नायकाला पेन्सिलीने मिश्या काढलेल्या. कण्याला निळ्या दोऱ्याचे घरगुती टाके.'

त्या मिश्या धाकट्याने काढल्या होत्या. त्यापायी थोरल्याच्या हातचा मार खाल्ला होता. आणि टाके कोणाचे ते मी सांगायला नको. माझी शिवण दोषांत मांडलेली बघून आधी रागच आला. मग बघत राहिले. एकही टाका उसवलेला नव्हता.

"दादा आहे," धाकटा म्हणाला. "त्याला माहीतच नाही ग्रुप माझा आहे ते."

"मग फोन लाव की," सूनबाई म्हणाली.

"फोन करून काय बोलू?"

"'दादा, मी' एवढं म्हण. पुढचं ते बोलतील."

धाकटा नुसताच माऊस फिरवत बसला. मग म्हणाला, "मी माझे सम त्याला पाठवतो. सगळे."

"आणि त्याचे विषम तू घेणार?" सूनबाईने विचारलं.

"फुकट द्यायचा नियम नाही ना."

सूनबाईने कपाळाला हात लावला. "म्हणजे परत अर्धे इकडे, अर्धे तिकडे! आतापर्यंत तुमच्याकडे शेवट होते, आता सुरुवाती येणार. बघा हो आई, तुमचे हे दोन हुशार!"

मी हसले. पण खरं सांगते, मला तो व्यवहार वाईट वाटला नाही. ज्यांना एकमेकांच्या दारात जाता येत नाही, त्यांची पुस्तकं तरी एकमेकांच्या घरी राहून येतील.

पार्सल बांधायची वेळ आली. पुठ्ठे कापले, कोपरे दुमडले. धाकटा टेप घेऊन आला. मी म्हटलं, "टेप नको. हे कापडात शिवायचं."

"आई, आता कोण शिवतं? टेप पुरते."

"पार्सल माझं. तू तुझे मीटर वाच."

जाड मांजरपाटाचं कापड घेतलं आणि डब्यातून निळा दोरा काढला. अंकांच्या कण्याला जसा टाका होता तसाच टाका, तितक्याच अंतराने, चारही बाजूंनी घातला. डोळे आता साथ देत नाहीत, सूनबाईकडून सुईत दोरा ओवून घ्यावा लागला. ती ओवता ओवता माझ्याकडे बघून हसली. तिला कळलं. धाकट्याला कळलं नाही. तो पत्ता नीट आलाय का ते बघत होता. पाठवणाऱ्याच्या जागी त्याने ऑफिसचा पत्ता टाकला आणि नाव 'मीटर'.

पार्सल गेलं. पोचल्याची खूणही आली. तिकडून मात्र काही येईना. ठरल्या दिवशी थोरल्याने पोस्टात काही टाकलंच नव्हतं.

धाकटा रोज ऑफिसातून हात हलवत परत यायचा. ग्रुपात सगळ्यांना हा व्यवहार दिसत होता. एकाने लिहिलं, 'मीटरसाहेब स्वतः फसले तर नियम झोपतो वाटतं?' दुसऱ्याने त्यावर हसणारी तोंडं लावली. मुदत संपली. धाकट्याने विचारणा केली, त्यालाही उत्तर नाही.

"त्याला कळलंय मी कोण ते," धाकटा म्हणाला. "कळूनच गप्प बसलाय. आधी दुकान गिळलं, आता हे. त्याची नियतच तशी."

"थांब जरा," सूनबाई म्हणाली. "आजारी असतील, गावाला गेले असतील. परक्याला बाहेर काढायचं वेगळं."

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग फोन कर आणि तोंडावर सांग," मी म्हटलं. "लांबून दगड काय मारतोस?"

त्याने ऐकलं नाही. बसला आणि लिहिलं, 'बिनपंखी यांनी अंक घेऊन आपले पाठवले नाहीत. फसवणूक केल्याबद्दल त्यांना ग्रुपमधून काढत आहोत. सर्वांनी सावध राहावं.' खाली पन्नासेक लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा जेवायला बसला, पण दोन घास खाऊन उठला.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या शिपायाने पार्सल घरी आणून टाकलं. खाकी कागद, आडवीतिडवी टेप. धाकटा मीटर वाचायला गेलेला. मी ते टेबलावर ठेवलं आणि तेवढ्यात थोरल्या सुनेचा फोन आला.

"आई, पार्सल पोचलं का?"

"हे काय, समोरच आहे. एवढा उशीर का गं केलात?"

ती म्हणाली, "आई, तुमचं पार्सल आलं त्या दिवशी यांनी कात्री नाही लावली त्याला. सुईने एकेक टाका उचलून सोडवला. दोरा सबंध निघाला. म्हणाले, 'हा आईचा हात आहे. हे धाकट्याने पाठवलंय.' मग रात्रभर बडबडत होते. पोस्टात टाकायचं नाही म्हणाले, मी स्वतः घेऊन जाणार. तुमचे सम आणि यांचे विषम, दोन्ही. जमिनीवर पसरून ओळीने लावायचे, दोघांनी बसून वाचायचे, असं चाललं होतं. रजा मिळायला वेळ लागला. धाकट्या भाऊजींना मुद्दामच कळवलं नाही, दारात उभं राहून चकित करणार होते. बॅग भरून झाली आणि उत्तर काय द्यावं म्हणून ग्रुप उघडला. तर तिथे ते."

"मग?"

"मग काही नाही. बॅग रिकामी केली. विषम बांधले आणि पोस्टात टाकून आले. म्हणाले, 'व्यवहार पुरा झाला. आता कोणाचं देणं नाही.'"

"आणि माझं कापड?"

"ते ठेवलंय, आई. दोऱ्याची गुंडी करून त्याच्यावर. ते नाही परत केलं."

मी फोन ठेवला. माझा टाका पोचला होता. माझ्या पोराने तो वाचला होता, न शिकवता. आणि माझ्या दुसऱ्या पोराने त्याला पन्नास माणसांपुढे चोर ठरवलं होतं.

धाकटा संध्याकाळी आला. पार्सल बघून त्याचा चेहरा उजळला, मग लगेच पडला. मी त्याला थोरली सून जे बोलली ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तो खुर्चीवर बसला. मोबाइल काढला. नंबर तोंडपाठ होता त्याला, इतकी वर्षं न लावलेला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा बंद झाली.

"मी त्याला परत ग्रुपात घेतो," तो म्हणाला. "सगळ्यांपुढे माफी मागतो. आत्ताच लिहितो."

"घे. फार मोठं घर आहे ना ते तुमचं."

काय करावं ते न सुचल्याने त्याचे हात नेहमीच्या कामाला लागले. टेप कापली, खाकी कागद उलगडला, पहिला अंक दिव्याखाली धरला. आणि नेहमीच्या सवयीने एकेक पान उलटत तोंडातल्या तोंडात म्हणू लागला, "मुखपृष्ठ आहे... पानं पूर्ण आहेत... मिश्या, पेन्सिलीने... कण्याला टाके..." तिथे तो थांबला. बोट टाक्यावरून फिरत राहिलं. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं भांडं वाजलं नाही.

मी म्हटलं, "थांबलास का? दोष आधी सांगायचा ना तुमच्यात? मग नीट सांग सगळ्यांना. पानं सगळी आहेत, टाके शाबूत आहेत, भाऊ गहाळ आहे."