लोरेत्ताच्या मापाची रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यात थोडा तोरा आहे. तो असणारच. माझ्यासारखी दुसरी रायफल जगात कुठे नाही. नेम धरताना गाल टेकवतात त्या माझ्या गालपट्टीवर हे चेरीच्या लाकडाचं तांबूस ठिगळ दिसतंय ना, तसं तर मुळीच नाही. लोक ते पाहून हळहळतात. "अरेरे, एवढा सुंदर अक्रोडाचा दस्ता आणि त्यावर हे काय?" म्हणतात. मग मला माझी गोष्ट सांगावीच लागते.

घाबरू नका, मी कधी कुणा जिवावर रोखली गेलेली नाही. पन्नास मीटरवरचा एक कागद आणि त्यावरचा काळा गोल, एवढंच माझं जग.

माझा जन्म इटलीतल्या मेल्ला नदीच्या खोऱ्यातला. आमच्याकडे घरटी एक माणूस तरी बंदुकीच्या कामात असतोच. कुणी नळ्या करतो, कुणी चाप, कुणी दस्ते. इथल्या बायका चुलीवर मक्याचं पोलेंता ढवळता ढवळता कुठली नळी सरळ आणि कुठली वाकडी यावर हमरीतुमरीवर येतात. अशा ठिकाणी जन्मायचं म्हणजे उगाच नाव मिळत नाही. माझी नळी ओरेस्तेने केली. तो बोलघेवडा, पण हात सोन्याचा. आणि माझा दस्ता केला बोर्तोलोने. त्याने माळ्यावर वर्षानुवर्षं वाळत ठेवलेलं अक्रोडाचं लाकूड काढलं, रोज थोडं तासलं, आणि मग जवसाचं तेल नुसत्या तळहाताने चोळून चोळून मला अशी चमक आणली की शेजारी नुसते बघायला म्हणून यायचे.

त्याने मला आपल्या मुलीसाठी घडवलं, लोरेत्तासाठी. ती तेव्हा नुकती विशीत आलेली होती. सडपातळ, चपळ, जरा हट्टी.

बोर्तोलोच्या कामाच्या खोलीत एका भिंतीवर खिळेच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक पातळ फळी टांगलेली असायची. तिला आमच्याकडे नुसतं 'माप' म्हणतात. माणसाची मान किती वाकते, गाल कुठे टेकतो, हात कुठवर पोहोचतो, सगळं त्या फळीच्या कडेत कापलेलं असतं. गिऱ्हाईक काही वर्षांनी परत आलं की बोर्तोलो त्याला पुन्हा उभं करून नवी फळी कापायचा आणि जुनीच्या पुढे त्याच खिळ्याला टांगायचा. माणूस देवाघरी गेला की मात्र सगळ्या फळ्या उतरवायच्या, त्याच्या घरी नेऊन द्यायच्या, आणि घरच्यांनी त्या चुलीत घालायच्या. त्याआधी कुणाचं माप जाळणं म्हणजे भलताच अपशकुन. हा आमच्या खोऱ्यातला रिवाज आहे.

लोरेत्ताचंही माप त्याने घेतलं आणि त्यावरून माझा दस्ता कापला. मी तयार झाले तेव्हा तो म्हणाला, "डोळे मीट. गाल टेकव. हां, आता उघड."

तिने डोळे उघडले. माझ्या नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, थेट तिच्या नजरेसमोर होती, आणि माशीच्या पलीकडे काळा गोल. मान हलवायला नको, काही नको.

"बाबा, ही तर माझीच आहे!" ती ओरडली.

"मग काय तुझ्या मावशीची?" बोर्तोलो म्हणाला. पण त्याचे डोळे भरून आले होते.

ती पहिली वर्षं काय सांगू! खोऱ्यातली अशी एक स्पर्धा नव्हती जिथे आम्ही दोघी गेलो आणि हात हलवत परत आलो. लोक तिला शाबासकी देत आणि लगेच मला उचलून बघत. "बोर्तोलोचा दस्ता," एवढंच म्हणत, त्यात सगळं आलं. मी पेटीत पडल्या पडल्या ऐकायची आणि फुगायची.

पण मग हळूहळू नेम बिघडू लागला. फार नाही, एखादी गोळी गोलाच्या कडेला, एखादी कडेबाहेर. आमच्या खेळात तेवढं पुरतं. लोरेत्ता नदीकाठच्या कारखान्यात कामाला लागली होती. तिचं काम नळ्या तपासण्याचं. नळी खिडकीकडे धरायची, डोकं मागे टाकायचं आणि आतली सावली बघत राहायची, दिवसभर. कामात ती पटाईत होती. पण अशी वर्षं गेली आणि तिची मान आखडत गेली. माझ्यावर गाल टेकवायचा म्हणजे तिला दात आवळून वाकावं लागायचं. मला तिच्या गालाचा थरथराट कळायचा, पण मी कुणाला सांगणार?

तिने सांगितलं होतं, हं. "बाबा, हिच्यावर गाल टेकवला की माशी नीट दिसत नाही. मान दुखते."

"शेक घे. दस्ता तुझ्याच मापाचा आहे."

"पण बाबा…"

"पण नाही नि बिण नाही. ती बघ फळी, खिळ्यालाच आहे. लाव दस्त्याला. केसाएवढा फरक दाखव, उद्यापासून धंदा बंद."

तिने फळी लावून बघितली. खरंच, केसाएवढाही फरक नव्हता. बोर्तोलोने भिंतीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप पुन्हा घेतलं होतं, लोरेत्ताचं मात्र कधीच नाही. घरच्या माणसांचं काय घ्यायचं, ती तर रोज डोळ्यांसमोर असतात, असं त्याचं म्हणणं. त्याने माझा चाप बदलला, नळी बदलली, नळी पुन्हा बदलली. शेवटी ओरेस्ते वैतागला.

"माझ्या नळीत खोट काढतोस? आता फक्त माझं डोकं बदलायचं राहिलंय! अरे, गालाखाली एक लाकडाची चकती चिकटव आणि बघ जरा."

"ठिगळ?" बोर्तोलो असा काही बघू लागला की ओरेस्ते दोन पावलं मागे सरकला. "माझ्या दस्त्याला ठिगळ? लोकांनी ठिगळवाला म्हणावं मला या वयात?"

दस्तेवाल्याला आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. विषय तिथेच मिटला.

अशात प्रांताच्या संघासाठी निवड चाचणी जाहीर झाली. लोरेत्ता याआधी दोन वेळा थोडक्यात हुकली होती, दोन्ही वेळा माझ्यासकट. आता वयही वाढत चाललं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

एक दिवस ती सरावाला आली तेव्हा तिच्या खांद्यावर आणखी एक पेटी होती. तिने ती माझ्या शेजारी उघडली. आत कारखान्याची रायफल! निळी, धातूच्या दस्त्याची, आणि जिथे तिथे स्क्रू. गालपट्टी हवी तेवढी वर करा, मागचा भाग हवा तेवढा लांब करा. मला हसूच आलं. जिला स्वतःचा आकार नाही ती कसली रायफल! आज हिची, उद्या तिची. इकडे मी, एका माणसासाठी जन्मलेली.

लोरेत्ताने स्क्रू फिरवला, गालपट्टी वर केली, आणखी थोडी वर केली. डोळे मिटले. गाल टेकवला. डोळे उघडले.

"अगंबाई!" ती हळूच म्हणाली.

तो सूर मी ओळखला. तो माझा होता. मला फार लागलं ते, मित्रांनो.

निवडीचा दिवस उजाडला. रविवार होता. पटांगणात सकाळपासून सळयांवर मांस फिरत होतं, लोण्याचा आणि सुगंधी पानांचा वास सुटला होता. अख्खं गाव जमलेलं. टेबलाशी हत्यारं तपासायला इनेस बसली होती. तिच्यासमोर लोरेत्ता निळीची पेटी घेऊन उभी, आणि पलीकडून बोर्तोलो मला घेऊन आला, मिरवतच आला म्हणा ना.

"ही काय थेरं?" त्याने निळीकडे बघून विचारलं.

"बाबा, मला आज संघात जायचंय."

"मग ही घे. तुझ्यासाठी घडवलीय हिला."

"इतकी वर्षं घेतलीच ना? हिच्यासाठी मला मान मोडून घ्यावी लागते."

"आणि लोक काय म्हणतील? बोर्तोलोची पोर कारखान्याची बंदूक घेऊन उभी! उद्या कोण चढेल माझी पायरी?"

लोरेत्ताचा चेहरा लाल झाला. "बाबा, तुझं दुकान मी माझ्या मानेवर किती वर्षं वाहू?"

इनेस खाकरली. "एकच नोंदवता येते गं. ठरव पटकन, मागे रांग आहे."

लोरेत्ताने निळी टेबलावर ठेवली. बोर्तोलोने माझी पेटी मिटली.

आत अंधारात मी बार मोजले नाहीत, नुसते ऐकले. सारख्या अंतराने पडणारे, न घाईचे, न चाचरणारे. नेमबाजाचा हात बसला की बारांचा आवाजच सांगतो. आणि मग टाळ्या. लोरेत्ता संघात गेली होती. मी रुसले होते, पण खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांनी मलाही बरं वाटलं. पोर शेवटी माझीच.

जेवणं सुरू झाली. बोर्तोलोने ताटाला हात लावला नाही. तो निळीपाशी गेला, मला पेटीतून काढून तिच्या शेजारी ठेवलं, आणि माझ्या गालपट्टीवरून हात सरकवत तिच्या गालपट्टीवर नेला. हात चढावर गेल्यासारखा वर गेला. दोन बोटांचा फरक. तो कितीतरी वेळ त्या दोन बोटांकडे बघत राहिला.

मग त्याने मान वर केली. लोरेत्ता पलीकडे इनेसशी हसत बोलत होती. कुणीतरी मागून हाक मारली तर ती मान वळवेना, खांद्यांसकट अख्खी वळली. बोर्तोलोने ते पाहिलं. रोज डोळ्यांसमोर असलेली मुलगी त्याने त्या दिवशी पाहिली.

"हे कधीपासून?" त्याने जवळ जाऊन विचारलं.

"नळ्या बघून बघून झालंय बाबा. बरीच वर्षं झाली."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तू फळी दाखवलीस."

बोर्तोलो तडक घराकडे चालू लागला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती फळी होती. तो सरळ सळयांखालच्या आगीकडे गेला. ओरेस्तेच्या हातातला घास हातातच राहिला.

"अरे, वेडा झालास का? पोर जिवंत आहे! कसला अपशकुन करतोस?"

फळी आगीत पडली होती. जुनं, कोरडं लाकूड, भुरकन पेटलं.

"बाबा! मी आहे ना अजून!" लोरेत्ता ओरडली.

"तू आहेस गं." बोर्तोलोने जळत्या फळीकडे बोट दाखवलं. "ही नाही राहिली. ही कधीच गेली आणि मला पत्ता नाही. मी आपला हिच्याच बाजूने तुझ्याशी भांडत बसलो."

फळी जळून जाईपर्यंत तो आगीपाशीच उभा राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "चल, उभी राहा. माप घेतो. ताठ नको उभी राहूस, रोज राहतेस तशीच राहा."

भर पटांगणात, सगळ्या गावासमोर, बोर्तोलोने आपल्या मुलीचं माप घेतलं. तिची मान कुठवर वाकते हे बघताना त्याचे हात इतके हलके होते की तिला रडू कोसळलं.

माझ्यावर त्याने हे लाकूड बसवलं ते त्याच आठवड्यात. अक्रोडाला अक्रोड जोडून सांधा दिसूही दिला नसता त्याने, एवढी कला त्याच्या हातात आहे. पण त्याने मुद्दाम चेरी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी.

"झालास की रे ठिगळवाला!" ओरेस्ते म्हणाला.

"झालो," बोर्तोलो म्हणाला आणि तेल चोळत राहिला.

त्या वर्षी प्रांताकडून लोरेत्ता निळीच घेऊन खेळली. निळीने तिला संघात नेलं होतं, तो मान निळीचाच. मी कुरकुर केली नाही. पुढच्या वसंतात पुन्हा इनेसचं टेबल आलं, आणि लोरेत्ताने दोन्ही पेट्या उघडल्या. मला उचललं. डोळे मिटले, गाल टेकवला, उघडले. तिच्या मानेची एक शीरही ताणली गेली नाही.

"ही," ती म्हणाली.

"आणि हे ठिगळ?" इनेसने विचारलं. "ते कसं नोंदवू?"

"ठिगळ नाही ते. बाबांनी घेतलेलं माझं माप आहे."

म्हणून म्हणते मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. तेल लावा, गंज चढू देऊ नका, कोपऱ्यात टाकू नका. पण ज्यांच्यासाठी आम्हाला घडवता, त्या आपल्या माणसांना अधूनमधून समोर उभं करा आणि नीट बघा. माझ्यावर तर दोन बोटं लाकूड वाढवून भागलं. बोर्तोलो अजूनही दर वर्षी लोरेत्ताचं माप घेतो. तिच्या खिळ्याला आता फळ्यांची चळत लागली आहे, आणि गेल्या खेपेला लोरेत्ताने त्याच्या हातातून फळी कापायची सुरी काढून घेतली आणि म्हणाली, "थांब बाबा, आता तू उभा राहा."