तीन निळे पट्टे

माझ्या नजरेचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. माझे वडील, आबा, दौंडच्या लोको शेडमध्ये इंजिनं धुवायचे. लहानपणी त्यांना डबा द्यायला गेले की डबक्यातल्या पाण्यावरचा डिझेलचा तवंग बघत मी तासभर बसायची. तवंग पातळ होत जाई तसे रंग बदलत. शेवटी आबा दंडाला धरून उठवायचे.

१९९८ साली मी शिरूरजवळ रांजणगावच्या एका कारखान्यात तात्पुरती ऑपरेटर होते. रेल्वे इंजिनांना लागणारे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, तिथं बनत. पापडाएवढ्या सिलिकॉनच्या चकत्या भट्टीत ठेवल्या की त्यांच्यावर काचेसारखा थर चढतो, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. त्या थराला स्वतःचा रंग नसतो. जाडी असेल तसा तो रंग दाखवतो, अगदी त्या तवंगासारखा. आम्हाला बावन्नशे अँगस्ट्रॉम जाडी हवी असे आणि तेवढ्या जाडीला चकती हिरवी दिसते. भिंतीवरचा रंगांचा तक्ता मला बघावाच लागत नसे. पण थर बरोबर आहे अशी लॉटच्या कार्डावर सही इंजिनिअरची. तात्पुरत्यांना तो हक्क नव्हता आणि ते मला फार खुपायचं.

कायम झाल्याच्या चिठ्ठ्या निघायला चार दिवस उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. सत्यजीत साहेब आमचे नवे इंजिनिअर, वरवंडचे. माणूस सरळ, पण आकड्यांवर भलताच विश्वास. त्यांनी भट्टीतून निघालेली एक चकती जाडी मोजायच्या लेसर यंत्राखाली ठेवली. आकडा आला तेवीसशे सत्तर. म्हणजे निम्मासुद्धा थर चढलेला नाही. पन्नासच्या पन्नास चकत्या परत भट्टीत घाला, त्यांनी फर्मावलं.

मी ती चकती ट्यूबलाइटखाली सरळ धरली. हिरवीगार होती. थर तेवीसशेचा असता तर ती सोनेरी दिसली असती. आता परत भट्टीत गेली तर थर नको तेवढा जाड होणार आणि अख्खा लॉट भंगारात जाणार.

"साहेब, थर पुरा झालाय. परत घालू नका."

ते म्हणाले, हिरवा रंग पस्तीसशेलाही येतो, ट्यूबखाली डोळे फसतात, लेसर फसत नाही. शेजारच्या स्नेहलनं माझा ॲप्रन ओढला आणि कानात सांगितलं, चार दिवस तोंड मिटून बस. तिचं बरोबर होतं. पण मला ते जमत नाही.

"एक चकती द्या मला. ॲसिडात उतार पाडून दाखवते. चुकले तर माझी चिठ्ठी फाडा."

काचेचा थर खाणारं ॲसिड प्लास्टिकच्या भांड्यात घेतलं. चकती चिमट्यात उभी धरून बुडवली आणि हळूहळू वर ओढत गेले. खालची कड ॲसिडात जास्त वेळ राहते, म्हणून तिथला थर पार संपतो. वरच्या कडेला तो पुरा राहतो, आणि मधल्या उतारावर प्रत्येक जाडीचा रंग पट्ट्यापट्ट्यानं दिसतो. थर तेवीसशेचा असेल तर निळा पट्टा एकदाच यायला हवा, बावन्नशेचा असेल तर तीनदा. सहा मिनिटं लागली.

चकती धुऊन पुढं केली. साहेब खालून मोजत गेले. तपकिरी, जांभळा, निळा. सोनेरी, लालसर जांभळा, पुन्हा निळा. हिरवा, पिवळा, गुलाबी, जांभळा आणि परत निळा. त्याच्याही वर हिरवा.

ते खाली बसले. मग स्वतःच म्हणाले की हे यंत्र ठरावीक जाडीनंतर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. कितवी फेरी चालू आहे ते माणसानं सांगायचं असतं, आणि त्यांनी पहिलीच धरली होती. दुसरा कुणी असता तर त्यानं यंत्रावर खापर फोडलं असतं. यांनी सगळ्यांसमोर लॉटचं कार्ड काढलं, एक नवा रकाना आखला, वर 'रंग' असं लिहिलं आणि कार्ड माझ्याकडं सरकवलं.

"इथून पुढं आधी तुमचा रंग, मग माझा आकडा. करा सही."

चिठ्ठी चौथ्या दिवशी आली. पण त्या सहीपुढं तिची मला फारशी मातब्बरी वाटली नाही.

रविवारी ती चकती रुमालात गुंडाळून दौंडला नेली. आबांनी चष्मा चढवला आणि पट्टे मोजले, दोनदा. निळा रंग ओळखण्यात आपल्या घरात कोण चुकणार न्हाई, असं म्हणून हसले. मग त्यांनी विचारलं, सही पुरी केलीस का?

"व्हय. मधी तुमचं नाव घालून."

या चकत्यांचे डायोड बसतात कुठं, त्यांनी विचारलं. इंजिनात, मी म्हणाले. आबांनी चकती पुन्हा रुमालात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"तीस वर्सं म्या इंजन भायेरनं धुतलं," ते म्हणाले. "आता माझं नाव आत चाललंय म्हण की."