चार बोटं माया

रविवारी सकाळी चष्मेवाल्याचं दुकान उघडायच्या आधी आम्ही पाच जण तिथे जमतो. आमचा उद्योग असा की दर आठवड्याला एकाने एक शब्द द्यायचा आणि त्यावर प्रत्येकाने एकच फोटो काढून, छापून आणायचा. फोटो काउंटरवर चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून मांडायचे. ज्याचा फोटो असेल त्याने निवड होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटी शब्द देणाऱ्याने एक फोटो निवडायचा. तो आठवडाभर डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी लटकतो आणि ज्यांना धड दिसत नाही अशी माणसं तो बघतात. आमच्या कलेची किंमत एवढीच, आणि ती रास्त आहे.

मी शिंपी. सगळे मला मास्तर म्हणतात. फोटोतलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्याखेरीज चष्मेवाला, दातांच्या डॉक्टरीणबाई, बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाहेब आणि आमची पोर. ड्रायव्हरसाहेबांना कुठलाही शब्द द्या, ते बसचाच फोटो आणतात. ‘शांतता’ला त्यांनी बंद पडलेली बस आणली होती. डॉक्टरीणबाई सगळ्यांशी गोड बोलतात आणि बोलताना समोरच्याचे दात बघतात. मी तिथे जायचो ते पोरीसाठी. तिनेच मला ओढून नेलं होतं, आणि आठवड्यात तेवढाच तास ती माझ्याबरोबर असायची. एरवी तिचं सगळं आईशी.

पोर माझ्या बायकोची, तिच्या पहिल्या लग्नातली. लहान असताना आईचं बोट धरून शाळेचा स्कर्ट शिवायला माझ्या दुकानात आली होती. पुढे दोन वर्षांनी आमचं लग्न झालं आणि दोघी माझ्या घरी आल्या. पण पोरीने मला दुकानात जी हाक मारली तीच कायम ठेवली. मास्तर. मी कधी काही बोललो नाही. पोराटोरांकडून नाती मागून घ्यायची नसतात, हे मला कळतं. पण वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता तिला परगावी नोकरी लागली होती. महिनाअखेरीला जायचं होतं. घरात आनंदीआनंद, माझं मात्र कशात लक्ष लागेना. आईशी तिचं नातं रक्ताचं, ते कुठेही गेली तरी राहणार. माझं काय? मी तिच्या आईचा नवरा आणि रविवारच्या तासाचा सोबती. तास गेला की उरतं काय, हा हिशेब मला काही केल्या जमेना. त्यापायी मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायला लागलो होतो.

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारचा शब्द पोरीने दिला. माया.

शब्द देताना तिने माझ्याकडे बघितलं, निदान मला तसं वाटलं. मी मनात म्हटलं, वा, पोरीने जाता जाता माझ्या धंद्यातला शब्द दिला. कारण आम्हा शिंप्यांच्यात माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड. अंग वाढलं की टीप उसवायची, आतली माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. दुसऱ्या कुणाला हा शब्द असा सुचलाच नसता. त्या आठवड्यात माझी कळी अशी खुलली होती की बायकोने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

पोरीचा तो शाळेचा स्कर्ट मी टाकला नव्हता. दुकानात माळ्यावर होता. तो काढला, उलटा केला, खिडकीशी धरला आणि फोटो काढला. खालच्या घेराला एकाखाली एक रेघा दिसत होत्या. दर वर्षी दुमड उसवून लांबी वाढवली की जुन्या दुमडीची रेघ राहते. कितीही इस्त्री फिरवा, ती जात नाही. मला फोटो झकास वाटला.

रविवारी काउंटरवर फोटो मांडले आणि माझा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी पिल्लाला चाटणारी मांजर आणली होती. चष्मेवाल्याने आईचा जुना चष्मा, दांडीला चिकटपट्टी लावलेला. ड्रायव्हरसाहेबांनी बस आणली होती, पण ड्रायव्हरच्या सीटवर कुत्रं झोपलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. पोरीच्या फोटोत तिची आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगलेली आणि समोर पोरीचं झाकून ठेवलेलं ताट. म्हणजे शब्द सरळ होता. सगळ्या जगाला कळला होता, मलाच तेवढा कापडात दिसला. आणि पोरीच्या मायेत आई होती, मी नव्हतो. हे मला लागलं.

माझ्या फोटोवर सगळे वाकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नांगरलेलं शेत असावं. ड्रायव्हरसाहेबांच्या मते तो घाटातला रस्ता होता. चष्मेवाल्याने फोटो उलटासुलटा करून बघितला आणि छापण्यात चूक झाली असणार असा निकाल दिला. मी नियमाप्रमाणे मूग गिळून बसलो होतो. पोरीने फोटो हातात घेतला.

“हा माझा शाळेचा स्कर्ट आहे,” ती म्हणाली. “या रेघांवरून मुली मला विचारायच्या, शिंप्याच्या घरात राहतेस आणि तुला नवा स्कर्ट मिळत नाही का.”

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी तो स्कर्ट उसवत होतो, ती शाळेत तो घालून जात होती, आणि हे मला आज चष्म्याच्या दुकानात कळत होतं. नव्या कापडाची मला ददात नव्हती. तिच्यासाठी शिवलेला तो पहिला स्कर्टच मला पुरवायचा होता. पण ते तिला कुठून कळणार?

मग मी नियम मोडला. सांगितलं की ही शिंप्याची माया आहे. पोरांच्या स्कर्टाला मी दोन बोटं माया सोडतो. याला चार सोडली होती.

“का?” पोरीने विचारलं.

“लांबी वाढवायला तुम्ही परत याल म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच कुणाच्या दातांकडे न बघता खाली बघितलं. चष्मेवाला पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागला.

“आई परत यावी म्हणून,” पोर म्हणाली.

आता इथे हो म्हणून मोकळं होता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण अर्ध्यावर सोडायचा माझा स्वभाव नाही.

“तुझ्या आईला तिचे कपडे शिवायचेच होते, ती तशीही आली असती,” मी म्हणालो. “तू बटणांच्या डब्यात हात घालून सगळे रंग एकत्र करून ठेवायचीस. मी तुमच्या पाठीमागे निवडत बसायचो, चिडायचो. आणि तरी वाटायचं, ही पोर पुन्हा यावी.”

शब्द पोरीचा होता, म्हणून निवडायचंही तिनेच होतं. तिने मांजर निवडली. माझा फोटो मात्र काउंटरवर ठेवला नाही, पिशवीत टाकला. ठेवायला घेतला की फेकायला, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिला नोकरीसाठी कोट लागणार होता. तो मी शिवला. मापं घेताना आम्ही दोघंही कामापुरतं बोललो. माया किती ठेवू म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला वाटेल तेवढी. कोट छान बसला. मी शिवलेल्या कोटांत तो एक नंबरचा, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, बसतो तो बसतो. तो घालूनच ती गेली.

मग रविवार येत राहिले. ती तिकडून फोटो पाठवायची, चष्मेवाला छापून ठेवायचा. घरी फोन यायचा तो आईच्या फोनवर. त्यात माझ्या वाट्याला, मास्तर बरे आहेत ना, एवढं यायचं. बायको परस्पर सांगून टाकायची, बरे आहेत. मीही बराच होतो. जेवत होतो, शिवत होतो. फक्त घरी जायची घाई नसायची.

एक दिवस दुकानात फोन वाजला. मी कुणाच्या तरी पँटचं माप लिहीत होतो.

“मास्तर, कोट घट्ट होतोय,” ती म्हणाली.

मी विचारलं, कुठे. काखेत, म्हणाली, आणि थोडा पाठीत. म्हटलं, तिथल्या शिंप्याकडे दे, तासाभराचं काम आहे. तर म्हणाली, तिथल्यांना तुमची शिलाई कळत नाही, शनिवारी घेऊन येते.

फोन ठेवून मी विचार करत राहिलो. जाऊन जेमतेम महिना झालेला. महिन्याभरात कोट काखेत घट्ट होत नाही, माणूस कितीही खाओ.

शनिवारी ती स्टँडवरून थेट दुकानात आली, घरी आईकडेही न जाता. पिशवी खाली ठेवली, कोट चढवला आणि आरशासमोर उभी राहिली. मी मागून बघितलं, काखेत हात घातला. माझी अख्खी मूठ आत मावली. उलट पोर वाळली होती. परगावचं जेवण मानवलं नसावं. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे.

“घट्ट झालाय खरा,” मी म्हणालो. “दोन्हीकडून उसवावा लागेल. सावकाशीचं काम आहे, उद्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.”

“थांबते की,” ती म्हणाली.