तिसऱ्या फेरीला बसलेला न्हावी

मित्रांनो, मी जुनी आहे, काळी आहे आणि मातीची आहे. आपलं आयुष्य दुसऱ्याला ऐकवायला याहून मोठी पात्रता लागत असेल, तर ती माझ्याजवळ नाही. आमच्या देस्से गावात मला जेबेना म्हणतात. गोल पोट, लांब मान, बाजूला तोटी आणि गाळ अडवायला तोटीत घोड्याच्या केसांचा बोळा. माझ्यात कॉफी उकळते. बूड गोल असल्यामुळे स्वतःच्या बळावर मला उभं राहता येत नाही, चुंबळ लागते. पण गावात मान असलेल्या बऱ्याच जणांचं हेच आहे, म्हणून मी लाजत नाही.

ज्या बाईने मला घडवलं, तिने मला भाजताना धुरात काळं केलं आणि बाजारात मांडलं. येशीमेबेत, म्हणजे आमची येशी, तेव्हा नवी नवरी होती. तिने मला बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि कपड्यात गुंडाळून घरी नेलं. नवरा निवडताना एवढी तपासणी झाली नव्हती, असं ती पुढे शेजारणींना सांगे.

नवरा म्हणजे मेकुरिया, न्हावी. चढावरच्या रस्त्याला त्याचं दुकान. हा माणूस कधी बसलाच नाही. गिऱ्हाईक बसायचं, हा उभा. जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे.

आमच्याकडे कॉफी एकदा नाही, तीनदा पितात. येशी निखाऱ्यावर दाणे भाजते, धूर सगळ्यांच्या नाकाखालून फिरवते, उखळात कुटते आणि मग माझी पाळी. पहिली फेरी कडक. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घातलं की दुसरी, मवाळ. पुन्हा पाणी, आणि तिसरी, बरकतीची. ती जवळजवळ पाणीच असते, पण तिच्या वेळी जमलेल्यांतलं सगळ्यांत मोठं माणूस दुवा मागतं आणि बाकीचे आमेन म्हणतात. तिच्याआधी उठणं बरं दिसत नाही.

मेकुरिया रोज पहिली फेरी घशाखाली ओतून उठायचा.

"भांडं धुतलेलं पाणी तुम्हीच प्या," म्हणायचा.

"जा बाळा, जा," शेजारची झैनबाआई म्हणायची. "गावाच्या दाढ्या तू गेल्याशिवाय वाढायच्या थांबणार आहेत थोड्याच!"

झैनबाआई रोज येई. तिचा नमाज, येशीचं चर्च, पण धूप एकच आणि लाह्यांची टोपली एकच. माझं कौतुक तीच करी. "येशी, तुझ्या हातापेक्षा हिच्या पोटात चव आहे गं," म्हणायची. मी फुगून जायची. मातीच्या भांड्याने फुगू नये, तडा जातो. तरीही.

असं चांगलं चाललं होतं. मग एक दिवस मेकुरिया दुकानाचा चढ चढता चढता मध्येच बसला. हा माणूस भर रस्त्यात आपणहून बसला, एवढ्यावरूनच लोकांनी ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय. हृदयातली एक झडप कामातून गेली होती. राजधानीत नेऊन त्याची छाती उघडली आणि आत धातूची झडप बसवली. परत आला तेव्हा छातीवर गळ्यापासून खाली टाके होते आणि आतून आवाज येत होता. टिक. टिक. टिक. भिंतीवरचं घड्याळ गिळल्यासारखा.

त्या आवाजाने घरात कुणाला चैन पडेना. तो चालू असला की त्रास, आणि क्षणभर ऐकू आला नाही की त्याहून त्रास. येशी भाजी चिरता चिरता थांबायची, मान वाकडी करून कान द्यायची, मग पुन्हा चिरायची.

आणि तिने एक गोष्ट मनाशी पक्की धरली. इतकी वर्षं निखाऱ्यावर उकळलेली काळी कॉफी तिनेच त्याला पाजली होती. म्हणजे झडप तिनेच घालवली. ती आणि मी. तिने मला घासलं, पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर पालथं घातलं.

मित्रांनो, पालथं पडून जग ऐकणं फार वाईट. कॉफी नाही म्हणून शेजारणी येईनात. लोकांना वाटलं, मेकुरियाच्या घरच्यांना आता माणसं नकोत. येशीनेही कॉफी सोडली. काळीज एकाचं उघडलं, पण डोकं दोघांचं दुखू लागलं. समोरच्या घरात दाणे भाजले की मेकुरिया खिडकीत जाऊन उभा राही. त्याची टिकटिक वाढायची. तिला ती ऐकू यायची. ती खिडकी लावायची. तो उघडायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, दिवसातून एक प्याला, पातळ, चालेल. येशीने पुन्हा विचारलं. ते पुन्हा चालेल म्हणाले. घरी येऊन तिने मला हातसुद्धा लावला नाही.

"डॉक्टर शिकलेला आहे की तू?" मेकुरिया ओरडला.

"डॉक्टरला दुसरे पेशंट आहेत. मला दुसरा नवरा नाही."

 तो तडक झैनबाआईकडे गेला, आणि थोड्या वेळाने तीच त्याच्या दंडाला धरून त्याला परत घेऊन आली.

"हा माझ्याकडे कॉफी मागायला आला होता," ती म्हणाली. "चोरून! मिशा पांढऱ्या झाल्या याच्या! म्हटलं, तुझ्या घरात जे होत नाही ते माझ्याकडे मिळणार नाही. येशी, डॉक्टर नेमकं काय म्हणाला?"

"एक प्याला. पातळ."

"मग तिसरी फेरी काय असते?"

 मेकुरियाने तोंड वाकडं केलं. "ते भांडं धुतलेलं पाणी?"

"तेच. पण पहिल्या दोन फेऱ्या बसून राहावं लागेल. कोरडा. जमेल?"

येशी स्टुलावर चढली. मला तिने दोन्ही हातांनी धरून उतरवलं. मला भीती वाटत होती. पोटात तडा गेला असेल तर? आणि नसेल, आणि माझ्याच तोटीतून पडलेल्या घोटाने ती टिकटिक थांबली तर?

कॉफीच्या बैठकीला पसरतात तसं जमिनीवर ताजं गवत पसरलं, धूप पेटला. दाण्यांचा धूर फिरला तसे मेकुरियाने डोळे मिटले. पहिली फेरी. त्याचा हात आपोआप पुढे आला.

"हात!" झैनबाआई.

"मी लाह्या घेत होतो."

"लाह्या तुझ्या डाव्या बाजूला आहेत."

त्याचा गुडघा हलायला लागला. दुसऱ्या फेरीपर्यंत दोन्ही गुडघे. आपल्या घरात एवढा वेळ काय बोलतात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्यातलं बरंचसं त्याच्याविषयी होतं. तो दोनदा उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

तिसऱ्यांदा पाणी पडलं. मी उकळले. झैनबाआईने तळवे वर केले.

"जे बसलेत त्यांना बरकत दे," ती म्हणाली. "आणि जो अर्ध्यातून उठून गेलाय, त्या मेकुरियाला सुखरूप घरी आण."

"आमेन," येशी म्हणाली.

मेकुरिया दोघींकडे बघत राहिला. "आई, मी इथेच बसलोय."

"दिसतंय मला."

"हे तुम्ही रोज म्हणता?"

"रोज. तुझं ऑपरेशन होतं त्या दिवशी माझ्या घरी एकटीने कॉफी केली, तेव्हाही म्हटलं."

"मग आता बसलेल्यांत घ्या की मला."

"नको," झैनबाआई म्हणाली. "उठून गेलेल्यांतच राहा. तिथून तू दर वेळी परत आलायस."

 येशीने मला उंच धरलं आणि बारीक धार सोडली. तिची नजर त्याच्या छातीवर होती. त्याने प्याला उचलला. प्यायला.

येशीने मान वाकडी करून कान दिला. टिक. टिक. टिक.

"पाणीच आहे," तो म्हणाला आणि प्याला चाटून पुसून खाली ठेवला.

येशी हसली आणि मग रडली. झैनबाआईने लाह्या संपवल्या.

आता मी रोज निखाऱ्यावर असते. मेकुरिया तिसऱ्या फेरीपर्यंत बसतो. गुडघा अजून हलतो, दुवा अजून तीच असते, आणि येशी अजून मान वाकडी करून ऐकते. मलाही अजून रोज भीती वाटते. पण कपाटावरही ती होतीच, आणि तिथे सोबतीला कुणी नव्हतं.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुणाला काळजीपोटी पालथं घातलं असेल, तर त्याला खाली उतरवा. पातळ का होईना, रोज थोडं काम द्या. आणि धुताना साबण लावू नका. चव जाते.