वादळाला दटावण्याची रीत

गायकाच्या आवाजात आयुष्यभर मिठाचा खडा पडला नव्हता. मधाची धार बोटावरून उतरावी तसा तो सुरावरून उतरे; आणि प्रभूच्या स्तुतीला अंगाईचे वळण लावून त्याच्या रॉक बँडने एके काळी चर्चच्या सभागृहांतली कित्येक बाळे, आणि काही वडीलधारेही, सुखाने झोपवले होते.

आता वीस वर्षांच्या मौनानंतर नवा अल्बम निघायचा होता आणि ध्वनिमुद्रण भाचीच्या हाती होते. तिने गिटारींचा आवाज इतका जड केला होता की टेबलावरचा पाण्याचा पेला आपणहून सरके.

"मामा, वादळाच्या गाण्यात तुझा आवाज अजून इस्त्री केलेलाच आहे," ती काचेपलीकडून, हेडफोनमधून म्हणाली. "ध्रुवपद गर्जून हवं. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर मी बोलावून ठेवलेला तो दाढीवाला पोरगा गाईल. तू मागे, कोरसमध्ये."

कोरसमध्ये. गायकाच्या तोंडचे पाणी पळाले. येशू होडीत उठून उभा राहतो आणि वाऱ्याला 'थांब' म्हणतो, ते गाणे त्याने स्वतः रचले होते. ते आता परक्या गळ्यातून उमटणार, आणि तो मागे 'आऽ' करीत उभा. सकाळपासून त्याने गुरगुरण्याचे नाना प्रयोग केले. एकदा खोकला आला, एकदा उचकी. एकदा तर इतका केविलवाणा स्वर निघाला की ड्रमवर बसलेल्या मेहुण्याने मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली.

मेहुण्याची तऱ्हा वेगळीच. बँडची जुनी शिस्त अशी, की गाण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि 'आमेन' झाले की ड्रमचा पहिला घाव पडायचा. भाचीने कानात ठेका मोजणारे यंत्र दिले होते. पण मेहुण्याचे हात त्याला जुमानेनात.

"भाऊजी, तुम्ही आपली प्रार्थना करा. आमेनशिवाय माझी काठी उठत नाही."

गायकाने डोळे मिटले. "प्रभू, या घशात थोडा खडबडीतपणा घाल. दाढीवाल्याचंही भलं कर, पण दुसऱ्या गावी. आणि माझ्या या भाचीला सुखी ठेव—"

"आमेन," काचेपलीकडून भाची म्हणून गेली. मामाच्याच घरात वाढलेली पोर; आशीर्वाद कानी पडला की जीभ आवरत नसे.

धाडकन ड्रम सुरू झाला. अर्धी प्रार्थना गायकाच्या ओठांवरच फुटली.

"अरे, थांब."

तो शब्द गळ्यातून नव्हे, जणू फरशीखालच्या काळोखातून आला. गंजलेले दार एकाएकी उघडावे तसा. ड्रम थांबला. पेलाही थांबला.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "हे मुद्रित झालंय."

गायक ओशाळला. "प्रार्थनेत ओरडलो गं. पुसून टाक."

"का? वादळाला कुणी अंगाई म्हणून गप्प करतं का?"

इतकी वर्षे गायकाचा येशू वादळाला थोपटतच बसला होता.

"पण ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं," तो म्हणाला. "दर वेळी असा राग कुठून आणू?"

मेहुण्याने काठ्या उचलल्या. "भाऊजी, निश्चिंत राहा. तुम्हाला चिडवण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. हवं तर ताईला विचारा."

गायकाने पुन्हा डोळे मिटले. या खेपेच्या प्रार्थनेत त्याने दाढीवाल्याला उदार मनाने कोरसमध्ये जागा दिली, आणि मेहुण्याच्या चुकीची वाट पाहू लागला.